गाडी फक्त मला सांगते

जुन्या स्प्लेंडरला अलार्म बसवायचाय म्हटलं की इंदुरात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "गाडी कितीची आणि अलार्म कितीचा?" दुसरी काहीच म्हणत नाहीत; पोह्यांवर आणखी थोडी शेव घालून घेतात आणि हसतात. हिशेब दोघांचा एकच असतो. गल्लीत नव्याकोऱ्या बुलेटा उभ्या असताना चोर या खटाऱ्याला कशाला हात लावेल?

लावतो. का लावतो हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारावं. नवी बुलेट चार चौकांत ओळखू येते. काळी, शंभर सीसीच्या आतली स्प्लेंडर कोणाच्याच नजरेत भरत नाही. १९९४ साली आलेली ही गाडी पुढे इतकी खपली की लपायला तिला अंधारसुद्धा लागत नाही, भरदुपारची गर्दी पुरते. कार्ब्युरेटर, चाकं, मॅग्नेटो, सगळं सुटं विकलं जातं आणि सगळ्याला गिऱ्हाईक असतं. वर जुन्या गाडीवर विमा असतो तो बहुतेकदा नुसता थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर कंपनी भरणार. गाडीच गेली तर आपण कपाळाला हात लावून बसायचं.

त्यात हिच्या कुलपाची तऱ्हा. इतकी वर्षं फिरवून चावी आणि कुलूप दोन्ही गुळगुळीत झालेत. आमच्या गाडीत कपाटाची किल्ली जाते आणि चक्क फिरते. आणि चावीचं कौतुक तरी किती करायचं? जुन्या स्प्लेंडरचं इंजिन बॅटरीवर चालतच नाही. ठिणगीला लागणारी वीज मॅग्नेटोतली कॉइल तयार करते, ती ठिणगी पाडणाऱ्या सीडीआयच्या काळ्या डबीत जाते आणि तिथून प्लगला. चावी बंद करतो तेव्हा आपण वीज तोडत नसतो. सीडीआयची एक वायर गाडीच्या सांगाड्याला टेकवत असतो, म्हणजे ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. याचा उलटा अर्थ चोराला माझ्याआधी ठाऊक असतो. ती वायर सुटी झाली की चावी असो वा नसो, बॅटरी असो वा नसो, किक मारायची आणि निघायचं. राहता राहिलं हँडल लॉक. त्यावर दोन दणकट हातांनी जोर लावला की काय होतं, ते गॅरेजवाले हसत हसत सांगतात.

आम्ही राहतो रामबागेत. गल्ली अशी की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीनं ओट्याला चिकटायचं. गाडी खाली, घर दुसऱ्या मजल्यावर, झोपायची खोली मागच्या अंगाला. उन्हाळ्यात एकदा कुलर सुरू झाला की गल्लीतून वरात गेली तरी आत नुसती घरघर ऐकू येते. तेव्हा मला जे हवं होतं ते गल्लीला उठवणारं यंत्र नव्हतं. मला उठवणारं हवं होतं.

जेल रोडवर मोबाइलच्या कव्हरांच्या आणि चार्जरच्या गर्दीत एका दुकानात अलार्मचे डबे रचलेले होते. दुकानदार म्हणाला, "भिया, वन-वे ले जाओ. दस में से नौ वोई ले जाते हैं." वन-वे म्हणजे बटण दाबलं की गाडी 'टीं' करते आणि जागी राहते, कोणी हात लावला की सायरन बोंबलतो. रिमोट बोलतो, गाडी ऐकते. गाडीला मालकाशी बोलायची सोय नाही. टू-वेमध्ये गाडीत छोटा ट्रान्समीटरही असतो. धक्का बसला की खिशातला रिमोट थरथरतो, पडद्यावर इवलीशी हातोडी लुकलुकायला लागते, आणि चावी लागली असेल तर चावीचं चित्र दिसतं. परदेशी मोटरसायकलवाले या रिमोटला सरळ पेजरच म्हणतात.

पेजर म्हटल्यावर माझ्या वयाच्या माणसाला पट्ट्याला लावलेली ती काळी डबी आठवते. आपल्याकडे पेजर १९९५ च्या सुमारास आले. मोबाइलही त्याच वर्षी आला, पण त्याचं बोलणं इतकं महाग की खिशात पेजर आणि नाक्यावर पीसीओ अशी जोडी लोकांना परवडायची. ऑपरेटरला फोन करून निरोप सांगायचा, तो डबीच्या पडद्यावर उमटायचा. डबीवाल्याला उत्तर देता यायचं नाही. डॉक्टर लोक जेवणाच्या पंगतीतून डबीकडे बघून उठायचे, तेव्हा आम्हा पोरांना तो फार मोठा मान वाटायचा. पुढच्या पाचसात वर्षांत मोबाइल स्वस्त झाला आणि डबी गेली. तिच्यात एक गुण मात्र होता जो मोबाइलला कधी जमला नाही. ती वाजली म्हणजे नक्की काही तरी असायचं.

हल्ली सिमकार्डवाले जीपीएस ट्रॅकर मिळतात, आणि गाडी गेल्यावर शोधायला ते याच्यापेक्षा केव्हाही चांगले. पण त्याला रिचार्ज लागतो, आणि त्याची खबर येते फोनवर. माझा फोन रात्रभर वाजत असतो. मामेभावाच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग पहाटे चारपासून सुरू होतं. त्या ढिगाऱ्यात 'तुमची गाडी हलते आहे' हा निरोप पडला तर तो मी चहाबरोबर वाचणार.

मी दुकानदाराला विचारलं, कोड रोलिंग आहे का? तो म्हणाला, "रोलिंग-वोलिंग नी मालूम भिया, चलता बढ़िया है." मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असल्या ठिकाणी अडून बसायची खोड आहे. स्वस्त रिमोटमध्ये कोड ठरलेला असतो. तो वीस बिटांचा असेल तर शक्यता होतात १०,४८,५७६. आकडा भारदस्त वाटतो, पण दहा लाख कोड वापरून बघत कोण बसणार? त्यापेक्षा मालक बटण दाबतो तेव्हाचा सिग्नल टिपायचा आणि तो गेल्यावर तोच पुन्हा सोडायचा. रोलिंग कोडमध्ये दर वेळी नवा कोड जातो, त्यामुळे जुना टिपून उपयोग नाही. शेवटी एका डब्याच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं सापडलं. तो घेतला.

आता सायरनबद्दल. अलार्म घेणारा माणूस सायरन केवढा मोठा, हे आधी विचारतो. डब्यावर १२० डेसिबल वगैरे लिहिलेलं असतं. वस्तीच्या भागात कायद्यानं ठरलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची, आणि डेसिबलचं माप असं की दर दहाला आवाजाची ताकद दहापट होते. तेव्हा रात्री दोन वाजता तो सायरन गल्लीत काय करतो ते सांगायला नको. पण माझी तक्रार आवाजाबद्दल नाहीच. एवढा आवाज होऊनही कोणी येत नाही, ही आहे.

इंदूरच्या लोकांना आवाज ऐकून धावायची सवय नाही असं कोणी म्हणू नये. माझ्या लहानपणी मिलचे भोंगे वाजायचे. भोंगा झाला की कोणी कोणाला 'काय झालं?' विचारायचं नाही. कोणाला डबा भरायचा असायचा, कोणाला सायकल काढायची असायची, आणि ज्यांचा मिलशी काही संबंध नाही अशा आमच्या घरात आजोबा भिंतीवरचं घड्याळ जुळवायचे. हुकुमचंद मिल १९९१ च्या १२ डिसेंबरला बंद पडली. तिच्या कामगारांना हक्काची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. (त्यांची हाक ऐकायला बत्तीस वर्षं लागली, त्यावर वेगळं लिहायला हवं.) भोंगे गेले, पण आज सकाळी कुठल्याही गल्लीत उभं राहा. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वळणावर आली की घराघरातून माणसं डबे घेऊन निघतात, ओला वेगळा, सुका वेगळा. कोणी गाऊन सावरत, कोणी तोंडात ब्रश धरून. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, त्यात त्या गाण्याचा वाटा थोडा नाही. गाणं ऐकलं की आपण काय करायचं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

सायरन ऐकून काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नसतं. कोणाची गाडी, कळत नाही. खाली गेलो आणि खरंच चोर असला तर त्याच्या हातात काय असेल, कळत नाही. मग माणूस अंथरुणातल्या अंथरुणात निकाल लावतो की मांजर असेल. दहातल्या नऊ वेळा मांजरच असतं, आणि म्हणून दहाव्या वेळीही कोणी उठत नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरानं निदान स्वतःच्या तोंडानं हाक मारली होती. इथे पोराच्या जागी चिनी भोंगा आहे.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मालक मागच्या खोलीत कुलर लावून झोपलेला.

अलार्म बसवायला गाडी दिली छावनीतल्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक पिवळा बल्ब, आणि त्याच्या हातात त्यानं स्वतः बनवलेला टेस्टर: इंडिकेटरचा बल्ब, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला शिवणाची सुई. सुई वायरच्या कातडीतून हळूच आत घालायची, बल्ब पेटला की करंट. हिरो होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ, लाल म्हणजे बॅटरी, काळी म्हणजे चावी फिरवल्यावर करंट येणारी. हे तीन रंग त्याला माझ्या नावाआधी कळले. बाजूचं पॅनल काढून, बॅटरीजवळच्या वायरचा गुच्छ बाहेर ओढून, तो सुईनं एकेक वायर टोचत गेला. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. बघायला फार गोड वाटतं.

नंतर मात्र त्यानं वायर दातानं सोलली आणि दुसरीला पीळ देऊन वर टेप गुंडाळायला घेतली. मी म्हटलं, सोल्डर करा. तो म्हणाला, "टेप से हो जाएगा मास्टर साब." होतं, मे महिन्यापर्यंत. माळव्याच्या उन्हात सीटखालच्या टेपचा गोंद पातळ होऊन वाहायला लागतो, टेप सरकते, जून-जुलैत पाणी आत शिरतं आणि तांब्यावर हिरवं चढतं. मग अलार्म वाटेल तेव्हा वाजतो किंवा वाजायचा थांबतो, आणि लोक म्हणतात, चायनाचा माल. मी पाहिलेले बहुतेक 'खराब' अलार्म असे जोडावर मेलेले होते. तेव्हा प्रत्येक जोड सोल्डर, वर स्लीव्ह म्हणजे उष्णतेनं आकसणारी नळी, ती लायटरनं शेकून आवळायची. आणि लाल वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. हा फ्यूज लोक अलार्मसाठी आहे असं समजतात. तो गाडीसाठी आहे. ती वायर कुठे घासून सांगाड्याला टेकली तर तापून सगळं वायरिंग आणि वरची पेट्रोलची टाकी यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

खरी गंमत इंजिन बंद ठेवण्याच्या वायरपाशी झाली. डब्यातल्या नकाशात ती चावीच्या करंटमध्ये जोडायची म्हणून दाखवलेली. रिमोटनं अलार्म लावला की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ती वाट तोडणार आणि गाडी चालू होणार नाही. नकाशा खरा, पण बॅटरीवर ठिणगी पाडणाऱ्या गाडीसाठी. आमचीला तो करंट तोडा नाही तर ठेवा, तिला पत्ता नसतो. इलेक्ट्रिशियननं नकाशाकडे एकदा बघितलं, म्हणाला, "ये तो मैग्नेट पे चलती है, इससे क्या होगा," आणि सीडीआयची ती सांगाड्याला टेकणारी वायर शोधून रिले उलटा जोडला. अलार्म लागलेला असताना चावी असो वा नसो, ती वायर टेकलेलीच राहील. त्याला वाचता येत नाही, हे मला नंतर कळलं. नकाशातल्या रेघा मात्र त्यानं माझ्याआधी वाचल्या. मला एकच धास्ती होती: चालत्या गाडीत रिले चिकटला तर? भंवरकुआंच्या चौकात मधोमध इंजिन गप्प झालं तर मागचा ट्रक थांबणार नाही. त्यानं इंजिन चालू ठेवून रिमोटचं बटण दहा-वीसदा दाबून दाखवलं, काही झालं नाही. चावी चालू असताना हा अलार्म लागतच नाही. ही परीक्षा दुकानातच घ्यावी, आपल्या डोळ्यांसमोर. रिमोट स्टार्टचीही एक वायर होती. किकच्या गाडीला ती काय कामाची? टेपमध्ये गुंडाळून ठेवली.

अर्थात, हे सगळं कापता येतं. ज्याला वायरिंग कळतं त्याला अलार्म म्हणजे आणखी चार वायरी. त्याचं काम दहा सेकंदांवरून दोन-चार मिनिटांवर जातं, एवढंच. ती दोन-चार मिनिटं मला हवी होती.

एरियलचंही सांगतो. काम संपवताना त्यानं अलार्मच्या डबीतून निघालेली एक पातळ काळी वायर नीट गोल गुंडाळली आणि पट्टीनं फ्रेमला आवळली. दिसायला एकदम सुबक. मी ती सोडवली. असले रिमोट बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. ४३३ ते ४३४ चा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय मोकळा आहे. त्या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर, आणि तिच्या चौथाईएवढी, म्हणजे सतरा सेंटिमीटरची सरळ तार तिला सगळ्यात मानवते. गुंडाळून लोखंडाला चिकटवली की ती तार राहत नाही, गाठोडं होतं. सीटच्या कडेनं, फ्रेमपासून बोटभर लांब, सरळ लावली. डब्यावर हजार मीटर लिहिलं होतं. ते मोकळ्या मैदानातलं. आमच्या जुन्या जाड भिंती, मधला जिना, पत्र्याची शेड पार करून ते मागच्या खोलीत उशीखाली पोचतं, एवढं मला पुरे. गुंडाळलेली असताना ते जिन्यातच संपत होतं.

धक्क्याचा सेन्सर किती हळवा ठेवायचा, त्याला एक बारीक स्क्रू असतो. तो स्क्रू फिरवता फिरवता मला आमच्या गल्लीचा दिनक्रम कळला. पहाटे दूधवाला कॅन उतरवताना सीटवर हात टेकतो. पेपरवाला सायकल माझ्या मडगार्डला टेकवून वर जातो. दुपारी कोपऱ्यावरच्या शाळेतली दोन पोरं गाडीवर बसून समोसा खातात, त्यांतलं एक आरशात बघून केस नीट करतं. संध्याकाळी खालच्या काकू भाजीची पिशवी हँडलला अडकवून किल्ली शोधतात. माझी गाडी माझ्यापेक्षा गल्लीच्या जास्त कामी येते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. या सगळ्यांना चोर ठरवायचं नसेल तर स्क्रू सैल करावा लागतो, आणि सैल केला की खऱ्या चोराचा हलका हात निसटतो. शेवटी मधे कुठे तरी थांबलो. हलका धक्का लागला तर फक्त रिमोट थरथरेल, जोराचा लागला तर सायरनही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची, रात्र आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, हे दोन दिवस मात्र अलार्म बंदच. गेरीत राजवाड्याच्या वाटेवर उभी असलेली गाडी कशाकशानं हलते याची यादी कुठल्याही सेन्सरला पेलणार नाही.

त्या दिवसांत एका रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात उभा होतो आणि समोरच्या बंद शटरांकडे बघत होतो. दिवसा इथे सोनं विकलं जातं. रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर कढया चढतात आणि एक-दोन वाजेपर्यंत माणसाला पाऊल ठेवायला जागा नसते. जुने लोक सांगतात, सराफांनी हे खाणेवाले आनंदानं बसू दिले, कारण त्यांच्यामुळे बाजार जागा राहतो. लाखोंच्या मालासमोर गराडू (एक कंद) तळणारा माणूस रात्रभर उभा आहे, त्याला ओळखीची-अनोळखी तोंडं कळतात, आणि तो पगार मागत नाही. कुठलाही सायरन न वाजवता चाललेला हा बंदोबस्त आहे. रामबागेत रात्री एक वाजता भुट्ट्याचा कीस कोणी खात नाही, ही माझी अडचण.

पेजरचा खरा अनुभव आला तो नाटकाला. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक, खंडवा रोडवरचं विद्यापीठाचं सभागृह, बाहेर गाड्यांचा समुद्र. पहिल्या अंकात, नेमकी नायिकेची लांबलचक शांतता चालू असताना, खिशात थरथर. फोन मी इमानदारीनं बंद केला होता. हा चालू असतो हे विसरायला होतं. पडद्यावर हातोडी. बायकोनं मान न वळवता डोळ्यांनी विचारलं. मी बोटांनी गाडीचा हँडल दाखवला. तिनं कपाळाला आठी घातली. मग पुढची दहा मिनिटं मी रंगमंचाकडे बघत होतो आणि नाटक पार्किंगमध्ये चाललं होतं. घारीचं चित्त पिलांपाशी म्हणतात ते असं, फक्त इथे पिल्लू शंभर किलोचं. मध्यंतरात जाऊन बघितलं तर शेजारची ॲक्टिव्हा काढताना कोणी तरी माझी गाडी हातभर सरकवली होती. काकूंची पिशवी, पोरांचा समोसा, ॲक्टिव्हाचा धक्का, हे सगळं पूर्वीही होत होतं. तेव्हा मी नाटक बघत होतो. आता मला सगळं कळतं. कळल्यानं सुख वाढलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

बायकोचं म्हणणं वेगळं. "मी फोन केला तर तीनदा वाजल्याशिवाय उचलत नाहीस. हिच्या पहिल्या हुंकाराला उठतोस."

बॅटरीचं गणितही करायला हवं. अलार्म झोपत नाही, थोडा करंट सतत खातो. बॅटरीची निगेटिव्ह सोडून मधे मल्टिमीटर लावला तर अठरा मिलीअँपिअर दिसले. दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर. स्प्लेंडरसारख्या गाडीची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची. म्हणजे गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी आडवी. इंजिनाचं अडत नाही, ते किकवर चालतं, पण बॅटरी गेली की अलार्मही गेला आणि रिलेही. मोठ्या बॅटरीच्या बुलेटला दोन-तीन आठवडे कळणारही नाही. अलार्म घेताना डेसिबल विचारण्यापेक्षा हा आकडा विचारावा, दुकानदाराला सांगता आला नाही तर मीटर लावून बघावा.

आता रात्री रिमोट थरथरला तर करायचं काय? याचं उत्तर मी अलार्म घ्यायच्या आधी ठरवलं होतं, आणि ज्यांना घ्यायचाय त्यांनीही आधी ठरवावं. खाली धावत जायचं नाही. वीस हजारांच्या गाडीसाठी जिन्यात अंधारात कोणाशी झोंबाझोंबी करण्यात शौर्य नाही. पुढच्या गॅलरीत यायचं, दिवा लावायचा, ओरडायचं, आणि गरज पडली तर फोन.

ती वेळ एकदाच आली. पावसाळ्यातली रात्र. हातोडी, मग लगेच पुन्हा हातोडी, आणि खाली सायरनही सुरू. गॅलरीत आलो तर दोघं जण गाडीला दोन बाजूंनी भिडलेले. पिऊन टेकले होते की हँडल पिरगाळत होते, हे दुसऱ्या मजल्यावरून सांगता येत नाही. सायरन कोकलत होता आणि समोरच्या एकाही खिडकीत दिवा नव्हता. मी ओरडलो, "कौन है रे? ओ, कौन है?"

आणि फटाफट दिवे लागले. समोरचे काका उघड्या अंगानं, हातात छत्री घेऊन. शेजारचा कॉलेजचा मुलगा. खालच्या काकू दार न उघडता आतूनच, "काय झालं रे? तू आहेस का?" दोघं निघून गेले, पळत नव्हे, चालतच. सायरन थांबल्यावरही लोक अर्धा तास आपापल्या गॅलरीत उभे राहून बोलत होते. काकांनी छत्री शेवटपर्यंत मिटली नाही. मी त्यांना विचारलं, सायरन ऐकू नव्हता आला? म्हणाले, "आला की. पण तू ओरडलास तेव्हा वाटलं, काही तरी आहे."

दुसऱ्या आठवड्यात सायरनच्या वायरमध्ये सीटखाली एक छोटा स्विच बसवून घेतला. बाजारात, दवाखान्याबाहेर, स्टेशनवर गाडी ठेवली की सायरन चालू. रामबागेत रात्री बंद. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आधा अलार्म हो गया. मला तर उरलेला अर्धाच हवा होता. शाळेत गाडी रिमोटच्या टप्प्यात येत नाही, पडद्यावरचा सिग्नल जातो. तिथे चाकात साखळी घालतो.

चार दिवस पुण्याला लग्नाला जायचं झालं की रिमोट खालच्या काकूंकडे देतो. त्यांचं दार गाडीपासून दहा पावलांवर आणि झोप सावध. मागच्या वेळी पहाटे पाचला त्यांचा फोन आला. मी दचकून उठून बसलो. म्हणाल्या, "अरे, ती हातोडी आली म्हणून खिडकीतून बघितलं. दूधवाला होता. त्याला म्हटलं, हात काढ. आणि येताना चितळ्यांची बाकरवडी आण, मागच्या वेळची मऊ पडली होती."